लॉकफाइल कायम ठेवून लायब्रऱ्यांमधील आगामी बदलांची चाचणी कशी करावी?

प्रश्न
आमची पायथॉनमधील मागणी-अंदाजाची प्रणाली नमपाय आणि पांडास या लायब्रऱ्यांवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांवर) उभी आहे. लायब्रऱ्यांच्या सर्व आवृत्त्या लॉकफाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) बांधलेल्या असल्यामुळे रोजचे काम सुरळीत चालते; मात्र बऱ्याच महिन्यांनी आवृत्त्या वाढवायला घेतल्या की एकाच वेळी इतके काही मोडते की नेमके कशामुळे मोडले, हे शोधण्यातच वेळ जातो. लॉक सैल न करता या बदलांची चाहूल आधीच कशी लागेल?

उत्तर १
लॉक तसेच राहू द्या आणि रात्री एक वेगळा जॉब (चाचण्यांची आपोआप चालणारी फेरी) चालवा, ज्यात लॉकफाइल बाजूला ठेवून सर्वांत नव्या आवृत्त्या, अगदी बीटा आणि रिलीज कँडिडेट या अंतिम प्रकाशनापूर्वीच्या आवृत्त्यासुद्धा, बसवल्या जातील. या जॉबने मर्ज, म्हणजे नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळणे, अडवू नये. नाहीतर परक्या रिपॉझिटरीतल्या (कोडसाठ्यातल्या) कमिटमुळे, म्हणजे बदलामुळे, आपली माणसे खोळंबतात आणि शेवटी कोणीतरी तो जॉबच बंद करून टाकते. मात्र तो लाल झाला (म्हणजे फसला) की बघायचे कोणी, हे ठरलेले असावे. प्रत्येक वेळी पिप फ्रीझची यादी (बसवलेल्या लायब्रऱ्या आणि त्यांच्या आवृत्त्या) जपून ठेवा. शेवटची हिरवी आणि पहिली लाल यादी ताडून पाहिली की संशयित दोन-चारच उरतात.

उत्तर २
याच जॉबमध्ये पायटेस्टला (चाचण्या चालवणाऱ्या साधनाला) डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे एखादी सोय पुढे काढली जाणार असल्याचा इशारा, ही एरर मानायला सांगा. उदाहरणार्थ, ‘एनपी.फ्लोट’ हे नाव नमपाय १.२४ मध्ये काढले गेले, पण त्याचा इशारा १.२० पासूनच येत होता. लॉगच्या तळाशी पडलेले इशारे कोण वाचतो?

उत्तर ३
इशाऱ्यांवर एवढी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने प्रकार-बढतीचे (वेगळ्या प्रकारच्या संख्या एकत्र आल्या की उत्तर कोणत्या प्रकारचे, हे ठरवणारे) नियम बदलले: फ्लोट३२ प्रकारच्या एकट्या संख्येत पायथॉनचा साधा ३.० मिळवला की पूर्वी अधिक अचूक असा फ्लोट६४ मिळत असे, आता फ्लोट३२च मिळतो. कोड चालतो, सैल टॉलरन्सच्या (थोडा फरक चालवून घेणाऱ्या) चाचण्याही हिरव्या राहतात, फक्त अचूकता घटते. म्हणून खऱ्या इनपुटचा एक नमुना लॉक केलेल्या आणि नव्या आवृत्त्यांच्या अशा दोन्ही एन्व्हायर्न्मेंटमध्ये चालवून आकड्यांबरोबर डीटाइपचीही (संख्येच्या प्रकाराचीही) तुलना करावी.

प्रश्नकर्ता
आमच्या नमुन्यात ग्राहकांचा तपशील असतो. तो रात्रीच्या जॉबला कसा द्यावा?

उत्तर ३
ओळख पटवणारे स्तंभ वगळा, पण रिकाम्या नोंदी आणि टोकाच्या किमती मात्र जशाच्या तशा राहू द्या. फरक बहुधा तिथेच उघडा पडतो.