कपिलेश्वराचा पूल उतरल्यावर : जुन्या गल्लीत परत गेल्याचे अनुभव

जास्वंद
गेल्या आठवड्यात आईची पेटी उघडली. तळाशी तिचं शहापुरी लुगडं, घडीवर विरलेलं. हातात घेतलं आणि कानात मागाचा आवाज सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून बेळगावची गाडी धरली. १९ वर्षांनी.

लहानपणी कपिलेश्वराच्या देवळाजवळ रेल्वेचं फाटक पडलं की बेळगावातलं आमचं सगळं शहापूर तिथं थांबायचं. आता उड्डाणपूल. देवळाचा कळस बाजूनं सरकून गेला, नीट हात जोडायलाही सवड मिळाली नाही.

गल्लीच्या तोंडाशी उभी राहून आधी ऐकलं. आमच्या वेळी उजाडायच्या आत खटक-खटक चालू व्हायची, घरातली माणसं त्या तालातच बोलायची. मी शेजारच्या काकूंकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायचे. आता तिथं खाली मोबाईलचं दुकान, वर भाड्याच्या खोल्या. कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

पण काकू आहेत! दारातच बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आधी म्हणाल्या, "आईसारखीच चालतीस बघ. कधी आलीस गे?" हात धरून आत नेलं आणि फरशीवर एके ठिकाणी पाय टेकवला. "माग हितं होता." मी तिथंच बसून रडले.

तुम्ही परत गेलात तेव्हा काय सापडलं? लिहा.

वडगावचा पोरगा
ताई, माग सगळे गेले नाहीत. वडगाव-खासबागेत यंत्रमाग अजून चालतात. आमच्या घरी दोन आहेत, हे लिहितानाही एक चालू आहे. हातमाग मात्र आजोबांबरोबर गेला. त्यांचा धोटा, आडवं सूत इकडून तिकडं नेणारा, देवघरात ठेवलाय, खंडेनवमीला पूजतो.

तिसरं गेट
टिळकवाडीत आमचे पत्तेच रेल्वे फाटकांवरून, पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. तिसऱ्यावर पूल झाला, तरी आई अजून "गेट पडलं असंल" म्हणून सगळ्यांना दहा मिनिटं आधी घराबाहेर काढते. बाबा गेल्यापासून तिला तेवढीच घाई उरलीय. काकूंचं वाचून दाखवलं तिला, गप्प बसली एकदम.

मीनल
मला पुढच्या महिन्यात यायचंय, सोबत सासूबाई आहेत. त्यांचं माहेर शहापूर. स्टेशनवरून कसं जायचं? बायकांना बस फुकट आहे ना? आणि जेवायचं कुठं?

रोजचा प्रवासी
@मीनल फुकट आहे, पण फक्त कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना, जून २०२३ पासून. आधारवर पुण्याचा पत्ता असेल तर तिकीट काढावं लागेल. पाट्या कन्नडमध्ये असतात, कंडक्टरला सरळ मराठीत विचारा. पुण्याहून हुबळीची वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस आहे, दुपारी सुटते, रात्री बेळगाव. रेल्वेनं आलात तर शहापूर जवळ. बसनं आलात तर मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्याच्या बाजूला, मग शहर ओलांडून यावं लागतं. सासूबाई सोबत आहेत तर रिक्षाच करा, भाडं आधी ठरवून. आणि नुसतं "खडेबाजार" म्हणू नका! बेळगावचा वेगळा, शहापूरचा वेगळा. आमचे मेहुणे भर पावसात बॅगा घेऊन भलत्याच खडेबाजारात उतरले होते.

पुरणाचा कट
जेवणाचं मी सांगते. बिर्याणी चालत असेल तर नियाज हॉटेल. नाहीतर साध्या खानावळीत ज्वारीची गरम भाकरी घ्या, सासूबाईंना बरं पडेल. कुंदा कॅम्पातून पुरोहितांचा. खव्याचा असतो, प्रवासात उन्हात ठेवू नका. मांडे हवे असतील तर आधी सांगून ठेवा, उपड्या भांड्यावर भाजायचं काम आहे ते, घाईचं नाही. माझ्या लग्नात आत्यानं रुखवतात ठेवले होते, एकही मोडला नव्हता. आता करणाऱ्या बायका कमी झाल्यात.

तिसरं गेट
मांडे म्हटल्यावर राहवत नाही आता 😋

कॅनडातून
शहापूरवाल्यांनो, रंग अजून पंचमीलाच ना?

वडगावचा पोरगा
पंचमीलाच की! बेळगावात धुळवडीला, आमच्याकडं पंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तेव्हापासूनचं हे.

कॅनडातून
शाळेत असताना धुळवडीला मित्राकडं बेळगावच्या गणपत गल्लीत, पंचमीला घरी. दोन शर्ट जायचे. इथं मार्चात बर्फ असतो. मुलाला हे सांगितलं तर तो विचारतो, एकाच गावात दोन होळ्या कशा?

मीनल
@रोजचा प्रवासी, @पुरणाचा कट खूप आभार. सासूबाई म्हणतात खासबागेचा रविवारचा बाजार बघायचाच. म्हणजे शनिवारी पोचायला हवं.

जास्वंद
सगळं वाचतेय, ऑफिसात आहे म्हणून उत्तरं उशिरा. @वडगावचा पोरगा, लुगड्याचा काठ एका बाजूनं सुटलाय. तुमच्याकडं कोणी सांधून देईल का? इथं दोघांनी नाही म्हणून सांगितलं.

वडगावचा पोरगा
आईला विचारलं. धुऊ नका म्हणाली, पाणी लागलं तर सूत आणखी सुटतं. तसंच सुती कापडात गुंडाळून आणा. आषाढात आमच्या वडगावात मंगाईदेवीच्या यात्रेला या, जेवायला आमच्याकडंच. काकूंनाही घेऊन या, आई ओळखते त्यांना.