मे महिन्यात सोलापूर–पुणे: डिकीत लॅब, पण एसी मागे पोचतच नाही

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. लॅब्रॅडॉर आहे, वजन 32 किलो. गाडी वॅगनआर, मागे एसीचे व्हेंट नाहीत. पुढे आम्हाला थंडी वाजते तेव्हाही डिकीत तो धापा टाकत असतो. मे महिन्यात पुण्याला न्यायचाय आणि सकाळी 8 च्या आत निघणं जमणार नाही. जेल मॅट घेऊ का? की ओला टॉवेल अंगावर टाकून नेऊ?

होटगीरोड:
मॅट नंतर बघा, आधी हवा मागे न्या. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गादीला येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. तोंडासमोरची हवा तीच ती, दमट राहिली तर कितीही धापा टाकल्या तरी उपयोग नाही. डिकीत नेमकं हेच होतं.

पार्सल ट्रे (डिकीवरची झाकणासारखी फळी) घरी ठेवा. मागच्या सीटचा डावा भाग दुमडता येत असेल तर दुमडा आणि त्याला डिकीऐवजी तिथे बसवा, हार्नेस लावून. डॅशबोर्डचे मधले दोन व्हेंट सरळ मागे आणि थोडे छताकडे वळवा, म्हणजे झोत पुढच्या सीटांवर न अडकता वरून मागे जातो. ड्रायव्हरला पुरेल एवढा कडेचा व्हेंट उघडा ठेवा, डावीकडचा बंद करा. ब्लोअर एकवर ठेवून मागे काहीच पोचणार नाही, तीनच्या खाली आणू नका. पुढच्या हेडरेस्टला क्लिपचा यूएसबी पंखा लावा, तोंड मागे करून. वायर सीटच्या कव्हरखालून न्या, नाहीतर चावेल.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे फ्रिजसाठी मिळतो तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर. प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर, डिस्प्ले पुढे. समोर गारवा वाटतो त्यावर विसंबू नका. मागे 26 अंशांच्या वर आकडा चढला की काहीतरी अडलंय: सामानाने झोत अडवलाय, नाहीतर पंख्याचं तोंड भलतीकडे वळलंय.

निघताना चारही दारं आणि डिकी दोन-तीन मिनिटं उघडी ठेवा. मग काचा थोड्या खाली करून एसी फुल्ल, गरम हवा निघून गेली की काचा बंद आणि आतली हवा फिरवायचं बटण चालू. तो बसणार तिथल्या कार्पेटवर तळहात ठेवून बघा. हवा गार झाली तरी कार्पेट बराच वेळ तापलेलं असतं, आणि कुत्र्याचं पोट त्यावरच टेकतं. गार लागल्याशिवाय त्याला चढवू नका.

जेल मॅट अंगाची उष्णता शोषून थोड्या वेळात स्वतःच कोमट होते. घेतलीत तर अर्ध्याच जागेत अंथरा, त्याला उठून बाजूला होता आलं पाहिजे. सोलापुरी चादर खाली घालू नका, जाड असते, उष्णता कोंडते. साधा पंचा बरा.

विजापूरवेस:
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो, उन्हाची बाजू. सोलापूरहून पुण्याचा रस्ता ढोबळमानाने वायव्येला जातो. म्हणून सकाळचं ऊन उजव्या मागच्या काचेतून येतं. संध्याकाळी परत येतानाही ऊन उजवीकडून मागूनच! त्यामुळे कुत्रा डावीकडे, बॅगा उजवीकडे उभ्या रचून, आरशातलं दिसणं न अडवता. काळी फिल्म लावू नका, 2012 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून त्यावर दंड होतो.

जुळेसोलापूरकर:
धन्यवाद! टॉवेलचं राहिलं. आणि जेवायला थांबलो तर एसी चालू ठेवून त्याला गाडीत सोडलं तर चालेल का?

होटगीरोड:
नाही. इंजिन बंद पडलं, कॉम्प्रेसर कट झाला किंवा त्याचा पाय काचेच्या बटणावर पडला तर तुम्हाला हॉटेलात बसून कळणारही नाही. उन्हात बंद गाडी 10 मिनिटांत साधारण 10 अंशांनी तापते, काचा बोटभर उघड्या ठेवल्या तरी फारसा फरक पडत नाही. आळीपाळीने जेवा. उतरवाल तेव्हा डांबरावर नाही, मातीवर. हाताची मागची बाजू 7 सेकंद डांबरावर टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतील.

प्राणीप्रेमी_सात_रस्ता:
टॉवेल अंगावर टाकू नका. पहिली काही मिनिटं गार लागतो, मग तोच अंगाच्या उष्णतेने तापून वाफ धरून ठेवतो. त्यापेक्षा पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा आणि पंख्याचा झोत त्यावर येऊ द्या. आपल्याकडे उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे माठासारखं काम होतं. लॅबची कातडी तेलकट असते, नुसतं वरून शिंपडलेलं पाणी घरंगळतं, बोटांनी केसांच्या मुळाशी चोळा.

खाणं निघायच्या 3-4 तास आधी. पाणी प्रत्येक थांब्याला 150–200 मिली, एकदम वाटी भरून नको, उलटी होते.

आता महत्त्वाचं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ चिकट होते, हिरड्या विटेसारख्या लाल, चालताना झोकांड्या, उलटी. ही लक्षणं दिसली तर आधी थंड करा, मग डॉक्टरकडे न्या. सावलीत उतरवून अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ लागेल म्हणून थांबू नका, नळाचं पाणी पुरतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 असतं, 41 म्हणजे जीवावरचं. गुदद्वारातून मोजत राहा आणि 39.5 ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर उलट जास्त गार पडतो. डॉक्टरकडे जाताना एसी चालू, अंग ओलंच. तो सावरलेला दिसला तरी दाखवायचंच, कारण मूत्रपिंडाला झालेली इजा एक-दोन दिवसांनीही उघड होते.

जुळेसोलापूरकर:
पंखा आणि प्रोबवाला थर्मामीटर आजच बघतो. मॅट राहू दे.