पासपोर्टसाठी खात्रीचा एजंट आहे का कोणी? (सोसायटी ग्रुप)

ए-३०२ काकू: नमस्कार मंडळी. लेकीचं बाळंतपण आहे, जर्मनीला. यांचा पासपोर्ट संपत आलाय, माझा तर अजून काढलेलाच नाही. एका एजंटने दोघांचे मिळून नऊ हजार सांगितलेत. कोणाच्या ओळखीचा खात्रीचा माणूस आहे का? माझं शिक्षण नववीपर्यंतच, त्यामुळे काही अडेल का अशी धास्ती वाटते.

डी-२०५ वहिनी: माझ्याकडे एकाचा नंबर आहे काकू, पाठवू का?

सी-१०४: काकू, थांबा, अजून कोणाला पैसे देऊ नका. ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये. साठीच्या पुढे असाल तर नवीन पासपोर्टला १० टक्के सूट मिळते, म्हणजे तुमचे १३५०. काकांचा रिइश्यू, त्याचे १५००. दोघांचे मिळून २८५०, बस्स. आणि नववीची धास्ती मनातून काढून टाका. दहावीचं सर्टिफिकेट ईसीएनआरसाठी (परदेशी नोकरीला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही, असा पासपोर्टचा प्रकार) मागतात, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना ते लागत नाही.

बी-५०१: साइटचा पत्ता मात्र नीट बघा. गेल्या वर्षी मी गूगलवर जी पहिली दिसली ती उघडली. अशोकस्तंभ वगैरे सगळं होतं. ३२०० रुपये भरले आणि अपॉइंटमेंट आलीच नाही. खरी साइट पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. काही शंका आली तर १८००-२५८-१८०० ला फोन करा, टोल फ्री आहे.

ए-३०२ काकू: अरे देवा. बरं झालं विचारलं.

सी-१०४: काकू, फॉर्म भरणं अवघड नाही. घोळ होतो तो नावात. आईच्या वेळी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायच्या आदल्या रात्री मी कागद फाइलला लावत होते, तेव्हा दिसलं की आधारवर ‘सुनीता’ एका आयने आणि पॅनवर डबल ईने. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकात नुसतं आद्याक्षर. तारीख पुढे ढकलली (वर्षभरात तीनदा बदलता येते), आधी पॅन दुरुस्त केलं, मग गेलो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव. तुमचं नाव आणि काकांचं नाव दोन्ही ‘गिव्हन नेम’मध्ये. हे एजंट तुमच्यासाठी बघत बसत नाही, त्याला दिवसाला वीस फॉर्म उरकायचे असतात.

मुंढव्याला ओरिजिनल कागद सगळे न्यायचे. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात. फोटोत मागची बाजू पांढरी असते, तेव्हा गडद रंगाची साडी नेसा.

सेक्रेटरी: काकू, फॉर्ममध्ये ओळखीच्या दोघांची नावं द्यावी लागतात. माझं आणि बी-५०१चं घाला. पोलीस व्हेरिफिकेशनची वेगळी फी नसते, कोणी मागितली तर मला लगेच फोन करा. पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि ज्याचा त्याच्याच हातात देतात, त्यामुळे त्या दिवसांत गावाला जाऊ नका.

ए-३०२ काकू: सगळ्यांचे आभार. व्हिसा सहा महिन्यांचा मिळेल ना? बाळ जरा मोठं होईपर्यंत राहायचंय.

सी-१०४: नाही मिळणार काकू. शेंगेनचा (जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) नियम आहे, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून पासपोर्टचं आता लगेच उरकू.

ए-३०२ काकू: तीन महिन्यांच्या बाळाला सोडून यायचं?

डी-२०५ वहिनी: काकू, विहीणबाईंशी बोलून बघा. आमच्या मुलीच्या वेळी पहिले तीन महिने मी होते आणि मी निघायच्या आठवड्यात त्या पोहोचल्या. अंघोळ घालणं, शेक-शेगडी सगळं त्यांना दाखवून आले. लेकीला सहा महिने घरचं माणूस मिळालं.

ए-३०२ काकू: हे सुचलंच नव्हतं हो. आजच फोन करते त्यांना.

सी-१०४: रविवारी अकराला आमच्याकडे या दोघं. आधार, पॅन, लाइट बिल, पासबुक, काकांचा जुना पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट असेल तर तेही. लॅपटॉपवर आपण सावकाश भरू, दुपार गेली तरी चालेल.

ए-३०२ काकू: येतो. आत्ताच कपाटातून कागद काढले. माझ्या आधारवर यांच्या नावात एक ए जास्त पडलाय.

सी-१०४: मग रविवारची वाट नको. उद्या संध्याकाळीच या, आधी आधारची अपॉइंटमेंट घेऊ.