विधी साहाय्य केंद्रावरचे दिवस : आपापले अनुभव लिहावेत

शनिवारचा वकील
भाचीने या वर्षी विधीच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेतला असून महाविद्यालयाच्या मोफत विधी साहाय्य केंद्रावर तिची नेमणूक झाली आहे. "जाताना कोणती पुस्तके नेऊ?" असे तिने काल फोनवर विचारले आणि माझ्या तोंडून "स्टॅम्प पॅड ने" असे उत्तर निघून गेले. ती हसली, मला मात्र २००९ सालचा एक शनिवार आठवला.

आमचे केंद्र ग्रामपंचायतीच्या ओसरीवर एका टेबलावर आणि दोन खुर्च्यांवर चालत असे. घटनेचे कलम ३९-अ, १९७९ सालचा हुसैनआरा खातून निकाल, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ हे मोफत विधी साहाय्याविषयीचे सारे मला पाठ होते. पहिल्याच आलेल्या आजींचे श्रावणबाळ योजनेचे पैसे चार महिने थांबले होते. मी त्यांना त्यांचा हक्क समजावून सांगू लागलो, तेव्हा मला मध्येच थांबवून त्यांनी विचारले, "ते असू दे बाळा, तुला अर्ज लिहिता येतो ना?" अर्ज लिहिला, अंगठा घेतला (आयुष्यभराच्या धुण्याभांड्यांनी रेषा इतक्या झिजल्या होत्या की ठसा तिसऱ्या खेपेला उमटला) आणि त्याखाली 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिले. अर्ज स्वतः कार्यालयात नेऊन दिला, पण पोच घ्यायला विसरलो. दीड महिन्याने आजी परत आल्या तेव्हा असा अर्ज आलाच नाही असे त्यांना तिथे सांगण्यात आले होते, आणि माझ्याजवळ दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता. नवा अर्ज दिला, पैसेही पुढे सुरू झाले. वाया गेलेला तो दीड महिना मात्र माझ्या खात्यावर आहे.

आपण अशा केंद्रावर विद्यार्थी म्हणून बसला असाल, किंवा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, तरी लिहावे.

फेरफार
"साहेब जागेवर नाहीत, ठेवून जा" हे वाक्य ऐकले की अर्ज परत पिशवीत घालायचा, अशी शिकवण आम्हाला आमच्या केंद्रावरील ज्येष्ठ वकिलांनी पहिल्याच दिवशी दिली होती. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक या तिन्ही गोष्टी आल्याशिवाय ते पोच मानत नसत. नुसती सही आणली तर आम्हाला उलट पावली परत पाठवीत. त्यांचा तेव्हा फार राग येई.

कृष्णाकाठ
आमच्याकडे सर्वाधिक माणसे हक्कसोडपत्रासाठी, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील आपला वाटा सोडून देण्याच्या पत्रासाठी, येत. एकदा भाऊबहीण आले. मी बहिणीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर भाऊच देत होता, म्हणून माझ्या सोबतच्या मैत्रिणीने त्याला सातबाऱ्याच्या आणि आधारकार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स आणायला चौकात पाठवले. त्या पंधरा मिनिटांत ताई जे बोलल्या ते त्याआधीच्या तासाभरात बोलल्या नव्हत्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही जन्मतः वाटा आहे आणि वडील त्यापूर्वी वारले असले तरी तो जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे, हे मी उत्साहाने सांगितले. "कायदा मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "पण सही नाही केली तर दिवाळीला जायचे कुणाकडे, ते सांगा." त्याचे उत्तर माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. हे पत्र नोंदवावे लागते, दुय्यम निबंधकांसमोर आपल्याला स्वतःला उभे राहावे लागते आणि तिथेही आपण नाही म्हणू शकता, एवढेच मी सांगू शकले. भाऊ झेरॉक्स घेऊन आला आणि आमचे बोलणे थांबले. पुढे त्यांनी काय केले ते कळले नाही.

साक्षीदार क्र. ३
आमचे केंद्र कारागृहात भरत असे. आपल्या निर्दोषत्वाची बाजू कैदी हिरिरीने मांडतील अशी माझी कल्पना होती, प्रत्यक्षात दहापैकी आठ जणांचा प्रश्न "माझी पुढची तारीख कधी आहे आणि माझा वकील कोण आहे?" एवढाच असे. आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करतात तेव्हापासून त्याला शासनाच्या खर्चाने वकील मिळायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या खत्री प्रकरणात १९८० सालीच ठरलेले असताना ही अवस्था होती. आम्ही नावे लिहून घेत असू आणि सीएनआर या, प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अक्षरअंकी क्रमांकावरून तारखा शोधून पुढच्या भेटीत सांगत असू. सनद नसल्यामुळे आम्हाला न्यायालयात उभे राहता येत नव्हते, तरी ती तारीख ऐकण्यासाठी माणसे रांग लावून थांबत.

चहा बिस्किट
अनुभव नाही, एक शंका आहे. माझ्या नणंदेला पोटगीचा अर्ज करायचा आहे, परंतु ती नोकरी करते. तिला मोफत वकील मिळेल का? आणि फेरफार, आपले ते ज्येष्ठ वकील आमच्या सासऱ्यांसारखेच दिसतात.

फेरफार
मिळेल. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही; ती इतरांना आहे. न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीत अर्ज करावा, किंवा आधी १५१०० या क्रमांकावर विचारावे. अर्जाची पोच घ्यावी, हे सासऱ्यांनी सांगितलेच असेल.

पलीकडची खुर्ची
मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची आहे. आईला नेमून दिलेल्या वकिलांनी टंकलेखनाचा खर्च म्हणून दोनदा पैसे मागितले आणि आईने ते दिलेही, कारण फुकटचे काम कुणी नीट करत नाही अशी तिची समजूत होती. केंद्रावर बसणाऱ्या मुलाने, विशीचाच असावा, "काकू, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही" असे सांगून तिच्याकडून लेखी तक्रार लिहून घेतली. लिहिताना त्याचा हात थरथरत होता, बहुधा त्या वकिलांची त्यालाही धास्ती असावी. वकील बदलून मिळाले आणि प्रकरण लोकअदालतीत मिटले. आईला त्या मुलाचे नाव आठवत नाही, तक्रारीची पोच मात्र तिने अजून जपून ठेवली आहे.

शनिवारचा वकील
भाचीने हे सर्व वाचले. तिने निळे आणि काळे अशी दोन्ही स्टॅम्प पॅड आणली असून कोणते न्यावे असे ती विचारते.

कृष्णाकाठ
निळे. काळ्या अंगठ्याची मूळ प्रत कोणती आणि झेरॉक्स कोणती, ते खिडकीवर कळत नाही.