थकीत कर्जावरून सिक्युरिटी क्लिअरन्स नाकारणे न्याय्य आहे का?

निशिकांत (व्हर्जिनिया):
अमेरिकेत संरक्षण खात्याचे किंवा त्याच्या कंत्राटदारांचे गोपनीय काम करायचे असेल, तर सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी लागते. नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनाही या प्रक्रियेतून जावे लागते. एसएफ-८६ या अर्जाच्या २६व्या विभागात गेल्या ७ वर्षांतली दिवाळखोरी, वसुली एजन्सीकडे गेलेली देणी, १२० दिवसांहून जास्त थकलेले हप्ते आणि न भरलेला कर यांची माहिती द्यावी लागते. क्लिअरन्स द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७पासून लागू असलेल्या नियमावलीतल्या १३ निकषांपैकी ‘एफ’ हा निकष पूर्णपणे आर्थिक वर्तनाचा आहे.

माझा या निकषाच्या वापराला विरोध आहे. माझ्या ओळखीतल्या एका अभियंत्याला क्लिअरन्स का देऊ नये याची कारणे सांगणारे जे सरकारी आक्षेपपत्र आले, त्यात प्रत्येक थकबाकी १.ए, १.बी अशा क्रमाने मांडलेली होती आणि प्रत्येकीपुढे ‘मान्य’ की ‘अमान्य’ एवढेच आधी लिहायचे होते. त्यातली बहुतेक देणी पत्नीच्या शस्त्रक्रियेची होती, कारण विमा कंपनीने हात वर केले होते. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेतल्या ॲना मॉन्टेस या अधिकारी महिलेने २००१मध्ये अटक होईपर्यंत क्यूबासाठी हेरगिरी केली, ती पैशासाठी नव्हे, विचारसरणीपायी. थकबाकीवरून निष्ठा कशी काय ओळखणार?

सुलभा (मेरीलँड):
निशिकांतराव, निष्ठेचा प्रश्न येथे नाहीच. १९६०च्या ज्या अध्यक्षीय आदेशावर कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांच्या क्लिअरन्सची सुनावणी चालते, त्यातच स्पष्ट म्हटले आहे, की हा निर्णय अर्जदाराच्या निष्ठेविषयीचा मानू नये. प्रश्न दबावाचा आणि आत्मसंयमाचा आहे. रोनाल्ड पेल्टनने १९७९मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, एनएसए या परकीय संदेश टिपणाऱ्या सरकारी गुप्तचर संस्थेतली नोकरी सोडली आणि १९८०च्या जानेवारीत तो वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत दूतावासात जाऊन पोहोचला. त्याने केवळ स्मरणशक्तीच्या बळावर गुपिते विकली. सीआयएत राहून सोव्हिएतांना गुपिते विकणाऱ्या ऑल्ड्रिच एम्सनेही घटस्फोटानंतरच्या कर्जाचेच कारण सांगितले होते. एम्ससारख्यांपायी इतरांचे जीव गेले आहेत, हे विसरून केवळ अर्जदाराच्या बाजूने विचार करणे मला पटत नाही.

निशिकांत:
एम्सचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्याने आर्लिंग्टनमध्ये ५,४०,००० डॉलरचे घर रोखीने घेतले, जग्वार गाडीतून तो कार्यालयात येत असे, आणि तरीही त्याला १९९४पर्यंत अटक झाली नाही. यंत्रणेचे लक्ष ओढगस्तीच्या माणसाकडे आधी जाते आणि अचानक श्रीमंत झालेल्याकडे उशिरा, हीच माझी तक्रार आहे.

सुलभा:
अचानक आलेली, न समजणारी श्रीमंती हाही ‘एफ’ निकषाचाच भाग आहे. तपासणाऱ्यांनी कुचराई केली म्हणून निकष वाईट ठरत नाही.

अनंत (टेक्सास):
दोघांच्याही वादात खरी मेख राहून जाते आहे. नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट ही कारणे नियमावलीत सौम्य करणारी म्हणून दिलेली आहेत. पण त्या काळात आपण जबाबदारीने वागलो, हे अर्जदारालाच सिद्ध करावे लागते, आणि १९८८च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे क्लिअरन्स मिळवण्याचा हक्क कोणालाच नाही. शंका आली की ती सरकारच्या बाजूने जाते. ‘७ वर्षे झाली, क्रेडिट अहवालातून (कर्ज-परतफेडीच्या नोंदवहीतून) नोंद गेली’ एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांची त्यामुळे फसगत होते, कारण नोंद गळून पडणे म्हणजे देणे फेडणे नव्हे.

आपल्या लोकांची अडचण वेगळीच असते. गावाकडच्या वडिलांचे कर्ज फेडताना येथले क्रेडिट कार्ड थकते, आणि तिकडे पाठवलेल्या पैशांचा मागमूस येथल्या क्रेडिट अहवालात नसतो. बँकेची पत्रे आणि पावत्या जपल्या नाहीत, तर ‘मी पैसा उधळला नाही’ हे दाखवायला हातात काहीच उरत नाही. शिवाय पुण्यात फ्लॅट असेल तर तो परदेशी मालमत्ता म्हणून वेगळा नोंदवावा लागतो.

सुलभा:
अनंतराव, हे मला मान्य आहे. परंतु हप्ते ठरवून ते नियमाने भरणाऱ्याला नियमावली संधी देतेच. आक्षेपपत्राला उत्तर देण्याच्या २० दिवसांतच ज्याला पहिला हप्ता भरायचे सुचते, त्याच्याविषयी शंका घेतली जाणारच.

निशिकांत:
हप्ते नियमाने भरायला पगार लागतो, आणि क्लिअरन्स गेली की अशा कामात पगारही जातो. त्याच नियमावलीत अटींसह पात्रता देण्याची तरतूद आहे. वैद्यकीय देणी असलेल्यांना ती आधी लागू करावी, दर महिन्याला भरलेल्या हप्त्याचा पुरावा मागावा आणि एक हप्ता चुकला तर खुशाल क्लिअरन्स काढून घ्यावी. एवढी अट घातल्यावरही सुलभाताईंना धोका दिसत असेल, तर तो नेमका कोणता, हे त्यांनी सांगावे.