मदत हवी आहे: क्रीम फाटतंय, ग्लिसरील स्टिअरेट कुठलं घेऊ?

मी कळव्याला राहते. आईच्या टाचांच्या भेगा चादरीला अडकतात इतक्या वाढल्यात म्हणून घरीच क्रीम करतेय. बदाम तेल 20 ग्रॅम, पाणी 75, ग्लिसरील स्टिअरेट (तेल-पाणी एकत्र करायला क्रीममध्ये घालतात ते मेणासारखं) 5, दोन्ही भांडी 70 डिग्रीला गरम करून फेटलं, आधी मस्त लोण्यासारखं झालं पण सकाळी बघते तर खाली पाणी नि वर तेलाचा तवंग. नंतर कळलं की साधं ग्लिसरील स्टिअरेट त्वचा मऊ करतं पण एकट्याने तेल-पाणी धरून ठेवत नाही, एसईवाल्यात (सेल्फ-इमल्सिफाइंग, म्हणजे स्वतःच तेल-पाणी एकत्र करणारं) थोडा साबण असतो म्हणून ते धरतं. दुकानदार म्हणतो सगळं एकच, पण माझ्या पाकिटावर एसई लिहिलेलंच नाहीये! ठाण्यात किंवा वाशीला एसई 100 ग्रॅम सुटं कुठे मिळेल? की आहे त्यातच पॉलिसॉर्बेट 60 (तेल-पाणी एकत्र धरणारा दुसरा घटक) घालून जमेल? कुणी केलं असेल तर प्रमाण सांगा प्लीज, आईला चालताना फार दुखतं.