मदत हवी आहे : डिसेक्शनचे व्हिडिओ नीट कसे करावेत?

नमस्कार. मी पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवते. डिसेक्शनला (दान केलेल्या देहाच्या विच्छेदनाला) येण्याआधी मुलांनी बघून यावेत म्हणून छोटे व्हिडिओ करतेय आणि ब्रेकियल प्लेक्ससपाशी (मानेतून काखेमार्गे हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्यापाशी) अडले आहे.

सी५ ते टी१ (मानेची पाचवी ते छातीची पहिली मज्जारज्जूतून निघणारी नस) ही ५ मुळं, मग ती एकत्र येत-फुटत होणारे ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड हे सगळं ॲनिमेशनमध्ये रंग देऊन छान उलगडतं. पण प्रत्यक्ष काखेत रंग नसतात. तिथे चरबी, शिरा आणि एकसारख्या पांढुरक्या दोऱ्या. म्हणून मला खऱ्या डिसेक्शनचं चित्रीकरणच जास्त मोलाचं वाटतं. पेक्टोरॅलिस मायनर हा छातीचा स्नायू उचलला की मागे ॲक्सिलरी (काखेतली) धमनी, तिच्याभोवती तिन्ही कॉर्ड, आणि पुढे मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन, अल्नर या नसांचा तो इंग्रजी ‘एम’. तो एकदा ओळखता आला की बाकीच्या नसा शोधणं सोपं जातं.

अडचण अशी की वरून कॅमेरा लावला की ओल्या ऊतींवर दिवा चमकतो, आणि खोली तर कळतच नाही. रेडियल नस धमनीच्या मागे आहे हे सपाट चित्रात दाखवायचं कसं? कोन बदलला तर डोकं कुठल्या बाजूला, हेच मुलांना उमगत नाही.

लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर कुणी वापरलाय का? चमक खरंच कमी होते? आणि व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारायचा असेल, तर तो कुठे टाकता?

देहदात्याचा चेहरा दिसणार नाही आणि चित्रीकरणाला संमती असलीच पाहिजे, यात तडजोड नाही. तेवढं धरूनच सुचवा, प्लीज.